कचेरीतला पर्जन्यमापक : सातारा-सांगलीत पाऊस कोणासाठी मोजला गेला?

१/२३
ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पलूस, मिरज, वाळवा तालुक्यांतील गावांना पाण्याने वेढले. ऊस, सोयाबीन आणि हळद दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. त्याच दिवसांत त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील आटपाडी आणि जत तालुक्यांत, तसेच साताऱ्याच्या माण तालुक्यात, जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते. जिल्हा एक, महिना एक, आणि जिल्ह्याच्या पावसाची सरासरीही एकच. ती सरासरी पुरात बुडालेल्याच्या उपयोगाची नव्हती आणि छावणीत बसलेल्याच्याही नव्हती.

२/२३
हवामानाचा साप्ताहिक अंदाज आज मोबाइलवर येतो. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. हा इतिहास प्रामुख्याने उपकरणांचा आणि शास्त्रज्ञांचा म्हणून सांगितला जातो. सातारा-सांगलीकडून पाहिले की त्याला आणखी एक बाजू दिसते : पाऊस कोणत्या ठिकाणी मोजला, कोणाच्या कामासाठी मोजला, आणि तो आकडा शेवटी कोणाच्या हाती गेला. या धाग्यात तोच प्रवास पाहू.

३/२३
आधी भूगोल. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. घाट उतरून वाईला यावे तर आकडा आणखी निम्म्यावर येतो. माण तालुक्याचे दहिवडी महाबळेश्वरापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तिथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रीच्या माथ्यावर ढग रिते होतात, पूर्वेला उतरणारी हवा तापत आणि कोरडी होत जाते. पर्जन्यछायेचा इतका तीव्र उतार एकाच जिल्ह्यात सापडणे विरळा.

४/२३
फरक केवळ पावसाच्या मापाचा नाही, वेळेचाही आहे. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पश्चिम पट्ट्याचा मुख्य महिना जुलै. माण, आटपाडी, जत या पूर्व पट्ट्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. ‘जुलैत मान्सून जोरदार’ ही बातमी कोयनेच्या खोऱ्यासाठी खरी असते. माणदेशात मात्र त्या महिन्यात वारा वाहतो, ढग पळतात आणि बाजरी मान टाकते. तिथल्या शेतकऱ्याचे डोळे परतीच्या पावसाकडे लागलेले असतात, कारण शाळूची पेरणी आणि विहिरीचे पाणी त्याच्यावर अवलंबून. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) शेवटी दुष्काळ अख्खे गाव उठवतो, ते गाव याच मुलखातले.

५/२३
हा फरक शेतकऱ्याला ठाऊक होता, आणि त्याच्यापाशी त्याचे स्वतःचे वेळापत्रकही होते : पावसाची नक्षत्रे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसू आणि पुष्य, ज्यांना गावात ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’ पाऊस म्हणतात. पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त, म्हणजे ‘हत्ती’. त्यानंतर चित्रा आणि स्वाती. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते : कोल्हा, बेडूक, मेंढा, म्हैस. वाहनावरून पाऊस ओळखण्याला शास्त्राचा आधार नाही. पण पंधरवड्याचे एकक आणि त्याला जोडलेले शेतकाम यांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले होते.

६/२३
या वेळापत्रकाला दोन मर्यादा होत्या. पहिली खगोलीय. नक्षत्रांचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते, त्यामुळे साधारण सत्तर वर्षांत नक्षत्राची तारीख एका दिवसाने पुढे सरकते. आजच्या दिनदर्शिकेने मोजले तर शिवकाळातला मृग सध्याच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी लागत असे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर : हे वेळापत्रक सरासरी वर्षाचे होते. यंदाचा मृग कोरडा जाणार की ओला, हे ते सांगू शकत नव्हते. पेरणी साधली तर वर्ष निभावले, दुबार पेरणी आली तर सावकार दारात. ‘यंदा काय’ हा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला.

७/२३
दख्खनच्या हवेचे पद्धतशीर मोजमाप सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा वायुभारमापक आणि तापमापक घेऊन या मुलखात हिंडला. दख्खनच्या हवेचा दाब आणि हवामान यांवरचा त्याचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. १८२८मध्ये महाबळेश्वरला साहेबांचे हवा खाण्याचे ठाणे वसले आणि तिथल्या अफाट पावसाच्या नोंदी कुतूहलाचा विषय झाल्या. या साऱ्या जिज्ञासेत शेतकरी कुठे नव्हता. मोजणाऱ्याला विज्ञान हवे होते, आणि फौजेला निरोगी जागा.

८/२३
पुढे पर्जन्यमापक आला तो तालुक्याच्या कचेरीत. पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर व्यासाचे तोंड, खाली बाटली, आणि रोज सकाळी कारकुनाने मोजपात्रात पाणी ओतून केलेली नोंद. जागेची निवड सोयीची होती : कचेरीत लिहिणारा माणूस होता, पहारा होता, आणि जमीन महसुलाचे दप्तरही तिथेच होते. आजचा हिशेब केला तर सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४८० चौरस किलोमीटर आणि तालुके अकरा. तालुक्याला एक मापक म्हणजे साडेनऊशे चौरस किलोमीटरांसाठी एक बाटली. जतसारख्या दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या तालुक्यात तर कचेरीपुढे पडलेली सर पन्नास गावांना ठाऊकही नसे.

९/२३
१८७६-७८च्या दुष्काळाने मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे होरपळले. साताऱ्याचा पूर्व भाग त्यात होता. माण नदीवरील राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवड तलावही म्हणतात, त्या काळच्या दुष्काळी कामांची आठवण म्हणून आजही उभा आहे. १८८०च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेतीखाती उभारण्याची आणि पीकपाण्याची माहिती नियमित जमवण्याची शिफारस केली. आठवड्याचा हवामान व पीक अहवाल ही त्या काळच्या राज्ययंत्रणेची नित्याची बाब झाली. तालुक्याचा आकडा जिल्ह्याला, जिल्ह्याचा इलाख्याला, आणि तिथून तारेने वरिष्ठ सरकारला.

१०/२३
इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेतीसंबंधीची ही साप्ताहिक माहिती शेतातून निघून शिमल्याला जात होती. ती उलट फिरून शेताकडे येण्याची सोय नव्हती. दुष्काळ जाहीर करायचा का, मदतीची कामे कुठे काढायची, सारा तहकूब ठेवायचा का, हे ठरवण्यासाठी ती सरकारला हवी होती. तो हेतू क्षुल्लक नव्हता. वेळेवर पोहोचलेल्या आकड्याने माणसे वाचू शकत होती. पण उद्या पेरावे की थांबावे, हा प्रश्न त्या अहवालाच्या चौकटीत बसत नव्हता.

११/२३
भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. दुष्काळानंतर त्याच्याकडे मागणी आली : पाऊस येण्यापूर्वी सांगता येईल का? हिमालयात उशिरापर्यंत टिकलेला बर्फ आणि त्यानंतरचा दुबळा मान्सून यांचा संबंध त्याने मांडला. १८८२पासून काही वर्षे प्रायोगिक अंदाज काढले, आणि ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध झाला. जगात हंगामी अंदाजाचा इतका जुना प्रयत्न दुसरा क्वचितच. तो अंदाज होता संपूर्ण देशासाठी. माणदेश त्यात एका ठिपक्याएवढाही नव्हता.

१२/२३
ब्लॅनफर्डनंतर आलेल्या जॉन एलियटने अंदाजाची व्याप्ती वाढवली, आणि नेमका त्याच्याच कारकिर्दीत घात झाला. १८९९च्या मान्सूनचा अंदाज अनुकूल होता. प्रत्यक्षात पावसाने दगा दिला आणि १८९९-१९००चा दुष्काळ पडला. १८९६-९७चा दुष्काळ आणि प्लेग यांतून दख्खन अजून सावरले नव्हते. वर्तमानपत्रांनी खात्यावर झोड उठवली. त्यानंतर काही वर्षे खात्याने हंगामी अंदाज लोकांपुढे मांडणे थांबवले आणि तो सरकारी वापरापुरता ठेवला. चुकलेल्या अंदाजावर मौनाचा उपाय लागू पडत नाही, हे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना उमगायला वेळ लागला.

१३/२३
१९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती खात्याचा प्रमुख झाला. जगभरच्या दाब, तापमान, पर्जन्य यांच्या आकड्यांतून परस्परसंबंध शोधताना त्याला प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचा झोका सापडला; तोच ‘दक्षिणी दोलन’. एल निन्योविषयीचे आजचे ज्ञान याच पायावर उभे आहे. वॉकरने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. देशाला एकच आकडा देणे व्यर्थ आहे हे ओळखून त्याने वायव्य भारत, ईशान्य भारत आणि द्वीपकल्प असे भाग पाडले. अंदाज पहिल्यांदाच आकाराने लहान झाला. तरीही द्वीपकल्पात महाबळेश्वर आणि जत एकाच ओळीत बसत होते.

१४/२३
हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. चार वर्षांनी, १९३२ साली, पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली प्रकाशाच्या विकिरणावर काम केलेला हा भौतिकशास्त्रज्ञ आता पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या शेतावर जमिनीचे तापमान, दव आणि बाष्पीभवन मोजू लागला. उपकरण कचेरीच्या आवारातून निघून पहिल्यांदा पिकात येऊन उभे राहिले.

१५/२३
जागा बदलताच निरीक्षणही बदलले. स्वच्छ, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला लगटून असणार, असा समज होता. रामदास यांना ती जमिनीपासून थोडी वर, अर्ध्या-एका फुटाच्या उंचीवर आढळली. शास्त्रज्ञांनी या निष्कर्षावर दीर्घकाळ शंका घेतली. पुढे तो मान्य झाला आणि त्या थराला ‘रामदास थर’ हे नाव मिळाले. वेधशाळेचा तापमापक चार फूट उंचीवरच्या पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो. रोप वाढते त्या उंचीवरची हवा निराळी असू शकते. वेधशाळेचा आकडा आणि पिकाचा अनुभव यांतले अंतर इथे विज्ञानाच्या भाषेत नोंदले गेले.

१६/२३
१९४५ साली आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी खास हवामानवृत्त देण्यास प्रारंभ झाला. माहितीचा ओघ इतक्या वर्षांनी उलट फिरला. त्यासाठी जिल्हावार ‘पीक-हवामान कॅलेंडर’ तयार करण्यात आली : कोणते पीक कोणत्या आठवड्यात कोणत्या अवस्थेत असते आणि त्या अवस्थेत त्याला काय बाधते. ज्वारी फुलोऱ्यात असताना पाऊस नको. कणसात दाणा भरताना ओल हवी. तोच पाऊस एका आठवड्यात वर आणि दुसऱ्या आठवड्यात शाप, हे शेतकऱ्याचे ज्ञान आता अंदाजाच्या मांडणीत उतरले.

१७/२३
१९४९मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले. दक्षिण साताऱ्याचे नाव १९६०मध्ये सांगली झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या शेतकरी रेडिओ मंडळांच्या प्रयोगात पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतील १५० गावे होती. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. १९६३मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आले. चावडीवरचा रेडिओ हे अनेकांसाठी हवामानाचे पहिले दार ठरले.

१८/२३
पण मदतीचा निर्णय मात्र दप्तरावरच होत राहिला. दुष्काळ ठरे तो आणेवारीवर, पुढे तिचे नाव पैसेवारी झाले. पीक पन्नास पैशांच्या खाली आले तर टंचाई, वर राहिले तर नाही. १९७२च्या दुष्काळात ही चौकट अपुरी पडली. तिला उत्तर सांगली जिल्ह्यातूनच आले होते. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५मध्ये विसापूर व आसपासच्या गावांत रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. १९७२मध्ये तो राज्यभर नेला गेला, १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला.

१९/२३
हवामानाच्या इतिहासात रोजगार हमी कशासाठी? तिच्या गाभ्यात एक मूलगामी बदल होता म्हणून. पूर्वी काम मिळे ते सरकारने दुष्काळ मान्य केल्यावर; म्हणजे मापकाने आणि तलाठ्याने आधी साक्ष दिल्यावर. या कायद्याने काम मागणाऱ्या माणसाची मागणी हीच पुरेशी साक्ष मानली आणि पंधरा दिवसांत काम देण्याचे बंधन घातले. कचेरीत किती मिलिमीटर पडला, हा प्रश्न मजुराच्या भाकरीपुरता तरी गौण झाला. जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र तो तसाच उभा राहिला.

२०/२३
किंबहुना तो अधिक बोचरा झाला, कारण पिके बदलली. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागा पसरल्या. बोरगावच्या बागेत निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात राज्यभर गेली. द्राक्षाला पाऊस किती झाला याहून पाने किती तास ओली राहिली हे अधिक बाधते. फळछाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन दिवस ढग आणि रिमझिम राहिली की डाऊनी घडांवर उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर वाळणाऱ्या बेदाण्याला अवकाळीची एक सर काळवंडून टाकते. नोव्हेंबर २००९मधील ‘फयान’ चक्रीवादळाच्या काळातल्या पावसाने हा धडा अनेक बागाईतदारांना दिला. अशा शेतीला हंगामाचा अंदाज अपुरा. पुढचे पाच दिवस हवेत.

२१/२३
तो अंदाज हळूहळू आला. १९७६पासून राज्यांच्या सहकार्याने कृषी हवामान सल्ला, १९९१पासून कृषी-हवामान विभागवार, २००८पासून जिल्हावार. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता, ढग, वारा आणि त्यावरून पिकांचा सल्ला. त्यातला एक शब्द नीट वाचायला हवा. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ हलका पाऊस असा नाही. त्या क्षेत्रातील चौथाई किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा आहे. पडेल तिथे तो मुसळधारही असू शकतो. आणि नदीकाठच्या शेतकऱ्याला दोन अंदाज लागतात : एक आपल्या आभाळाचा, दुसरा कोयना-महाबळेश्वरचा. पलूसच्या शिवारात ऊन असतानाही कृष्णा वर चढू शकते.

२२/२३
मापकही कचेरीतून बाहेर पडला. २०१७पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष मंडळाच्या आकड्यावर लागतो. द्राक्ष-डाळिंबाचा हवामान आधारित फळपीक विमाही मंडळाच्या केंद्रानेच ठरतो. एका मंडळात दहा-पंधरा गावे. वळवाची सर दोन कोसांत तुटते. केंद्रावर ४० मिलिमीटर आणि बागेत ८० पडला, तर विमा ४०चा. अंदाज या काळात मोजणीच्या पुढे गेला : ऑक्टोबर २०२४मध्ये ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू झाला, आणि मे २०२५मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या जाळीची ‘भारत अंदाज प्रणाली’ आली. मात्र २०२४च्या प्रारंभी देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद झाली. आकड्याचे पिकाच्या भाषेत रूपांतर करून सांगणारी स्थानिक माणसे कमी झाली.

२३/२३
दीडशे वर्षांत अंदाजाचा घास देशावरून द्वीपकल्पावर, तिथून जिल्ह्यावर आणि आता ग्रामपंचायतीवर आला. हक्काचा आकडा मात्र महसूल मंडळापाशी थांबला आहे. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवण्याची कल्पना आहे; सातारा-सांगलीइतकी तिची निकड क्वचितच कुठे असेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४,०४७ लिटर पाणी. केंद्र आणि बांध यांत वीस मिलिमीटरांची तफावत पडली तर एकरामागे ऐंशी हजार लिटरांचा हिशेब चुकतो, आणि त्या हिशेबावर पंचनामा, विमा आणि पुढच्या वर्षीचे कर्ज उभे असते. ग्रामपंचायतीच्या आवारातला साधा मापक, रोज सकाळी साडेआठची नोंद आणि ती वाचता येईल असा फलक यांसाठी फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. ती नोंद अधिकृत मानण्याचा निर्णय तेवढा लागतो.

(धागा समाप्त)